खळ्यात उतरवलेलं इंजिन

इथे अरुणाचलात भात आमच्यापेक्षा उशिरा कापतात. आमच्या रस्तेबांधणीच्या कॅम्पखाली नदीकडे उतरत गेलेली लहान लहान खाचरं आहेत, आणि आठवडाभर झाला, तिथे माणसं वाकलेली दिसतात. त्यांचे चेहरे वेगळे, पाठीवरच्या टोपल्या वेगळ्या, बोलीतला तर एक शब्द मला कळत नाही. पण वारा खालून वर आला की वास तोच. उन्हात पसरलेल्या भाताचा, थोडा गोड, थोडा धुळीचा. काल सकाळी एका मशीनचं झाकण उघडून उभा होतो, तेवढ्यात तो वास आला आणि हात आपोआप खिशाकडे गेला.

खिशात माझी फडकी असतात. सात, लाल रंगाची. काम सुरू करताना मोजतो, संपल्यावर मोजतो, मध्ये चहाला गेलो तर आल्यावर परत मोजतो. आमच्यात बिहारचा एक ऑपरेटर आहे. तो म्हणतो, "उस्ताद, ये कपड़ा है कि नोट है?" मी हसून सोडून देतो. त्याला सगळं सांगायचं तर आमच्या मुरबाडपासून सुरुवात करावी लागेल, आणि तेवढं हिंदी मला येत नाही.

पाऊस सरला की आमच्याकडे एक विशिष्ट ऊन पडतं. सकाळी दव असतं, बांधावरून चाललं की पोटऱ्यांपर्यंत ओलं होतं, आणि दहा वाजेपर्यंत तेच रान चरचरायला लागतं. चार महिने ढगात असलेला सिद्धगड एका दिवशी उघडा पडतो, इतका जवळ वाटतो की दगड मारला तर लागेल. भात पिवळं झालेलं असतं. पहाटेपासून विळ्यांचा आवाज, एकाच वेळी पन्नास गाई चरत असाव्यात तसा. मग भारे खळ्यावर येतात, झोडणी होते आणि घराघरात पेंढाच पेंढा होतो. पेंढा म्हणजे आमच्याकडे दोरी, गादी, भांडी घासायची घासणी, सगळं. मडक्याला झाकण नसलं तर पेंढा, कणगीचं तोंड बुजवायला पेंढा, बाटलीचं बूच हरवलं तरी पेंढाच. उघडं तोंड दिसलं की त्यात पेंढ्याचा बोळा कोंबायचा, हे आमच्या हाताला कुणी शिकवावं लागत नाही.

माझ्या हातालाही कुणी शिकवलं नव्हतं.

तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. आठवीत शाळा सोडलेली. गरिबीनं सोडली असं सांगितलं तर लोकांना बरं वाटतं, पण खरं म्हणजे गणितात मन लागेना आणि घरी कुणी आग्रह धरला नाही. मुरबाडच्या एका गॅरेजात सात-आठ वर्षं काढली आणि मग हत्यारांची पेटी घेऊन आमच्याच पाड्यांत फिरून कामं करायला लागलो. पहिलं गिऱ्हाईक यशवंतदादा. त्यांचं घर आमच्या घरापासून दोन शेतं सोडून. त्यांच्याकडे पांढरी पिकअप होती, आणि आसपासच्या सहा पाड्यांची काकडी, शिराळी, दुधी ते त्या गाडीतून कल्याणच्या मार्केटला नेत. दुसरी गाडी त्या अंगाला येतच नव्हती. दादांची गाडी उभी राहिली की सहा पाड्यांचा माल वेलीवर पिकून पिवळा.

कापणीच्या सुरुवातीला त्या गाडीचं ऑइल गळायला लागलं. गाडी दादांच्या खळ्यात उभी, मी इंजिनावरचं झाकण उघडलेलं. वारा सुटला होता, भुसा उडत होता. आतून ऑइल खाली उतरायला जी भोकं असतात, त्यांत काही पडू नये म्हणून मी हाताशी होतं ते घेतलं आणि एका भोकात पेंढ्याचा बोळा बसवला. पुढचं मला इतक्या वर्षांनीही नीट आठवतं. कुणीतरी माल भरून तयार असल्याची हाक मारली. मी घाई केली. झाकण बसवलं, बोल्ट आवळले, हात पुसले. बोळा आतच.

चौथ्या दिवशी म्हसा सोडल्यावर पुढच्या चढाला इंजिन जाम झालं. ऑइल कमी पडल्याचा लाल दिवा आधी लागला होता, पण दादांना वाटलं वायर सैल असेल. गाडी ओढून खळ्यात आणली. दादा कापणीला गेले आणि मी एकटाच गाडीखाली सरकलो. इंजिनाच्या तळाला ऑइलचं भांडं असतं, आम्ही त्याला चेंबर म्हणतो. त्यात एक जाळी बुडालेली असते, तिच्यातूनच ऑइल वर ओढलं जातं. चेंबर उतरवला आणि जाळी बघितली. चिमणीचं घरटं तेलात बुडवून काढावं तशी दिसत होती.

मी तो चोथा मुठीत धरून खळ्यावर बसलो. बघायला कुणी नव्हतं. चुलीत टाकला असता तर दोन मिनिटांत राख झाली असती, आणि गाडी जुनी होती, एवढं सांगून सगळं संपलं असतं. मला कुठल्याही मोठेपणानं उठवलं नाही. भीतीनं उठवलं. आज लपवलं तर पुढच्या प्रत्येक गाडीखाली मी हे लपवत झोपणार, असं काहीतरी वाटलं.

दादा शेताच्या मधोमध होते. मी त्यांच्यापर्यंत गेलो आणि मूठ उघडून दाखवली.

"दादा, इंजिन माझ्यामुळं गेलं. ह्यो आत राहिला."

त्यांनी वाकून बघितलं. "पेंढा हाय?"

"हां."

"आपल्याच खळ्यातला?"

"हां."

ते परत वळले आणि कापायला लागले. पार पलीकडच्या बांधापर्यंत कापत गेले. मी उभाच. परत आले तेव्हा घाम पुसत म्हणाले, "तुझ्या वैनीला तूच जाऊन सांग. मी सांगितलं तर ती मना विचारून विचारून जीव घेईल."

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी त्यांच्या शेतात जाऊन मुकाट्यानं भारे वाहिले. सुलूवैनी मात्र बोलायच्या. चहाचं पातेलं उतरवून विचारायच्या, "भावजी, गाळणी सापडत नाय. पेंढ्यातून गाळू का?" त्या असं बोलल्या की मला जरा श्वास घेता यायचा. आता वाटतं, त्यांना ते कळत होतं.

तिसऱ्या दिवशी दादा म्हणाले, "दुसरं इंजिन बघ. तूच बसव."

"दादा, मी असं कधी बसवलं नाय. आपल्या गाडीचं मिळालं तर ठीक, दुसऱ्या कंपनीचं मिळालं तर सगळंच बदलतं."

"दुसरा कारागीर आणला तर तो काय विसरणार नाय कशावरून? तू तर आता जन्मात विसरायचा नायस."

त्या रात्री मला झोप लागली नाही, हे सांगायला नकोच. सहा पाड्यांची बाजाराची वाट आणि माझ्या हातात पुन्हा कुणी गाडी देणार की नाही हा प्रश्न, दोन्ही एकाच इंजिनाला येऊन टेकले होते.

आमच्या गाडीचं इंजिन कुठे मिळालं नाही. मिळालं ते वेगळ्याच गाडीचं, शहापूर तालुक्यात, खर्डीला. मालकाला सगळे आबा म्हणत. भातसानगरला धरणाच्या गेटवर काम करून निवृत्त झालेले, अंगानं काटक, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. त्यांच्या पिकअपचा पत्रा गंजून गेला होता, टपावर जांभळाची फांदी पडून तो आत बसला होता. गाडी तीन पावसाळे त्याच जांभळाखाली उभी. मी मनात म्हटलं, एवढं उभं राहिलेलं इंजिन आतून चिकटलं असणार.

आबांनी पाना आणला, पुढच्या पुलीवर लावला आणि एका हातानं फिरवला. इंजिन फिरलं. मऊ, जात्यासारखं.

"दर रविवारी पाव फेरी," ते म्हणाले. "धरणावर सवय लागलेली. पाणी सोडायचं नसलं तरी गेट हलवून बघायचं. नाय हलवलं तर पायजे तेव्हा हलत नाय."

तीन वर्षं. जी गाडी कुठे जाणार नव्हती, तिला हा माणूस दर रविवारी आंघोळ करून पाव फेरी देत होता. मी त्या पुलीकडे बघत राहिलो. गॅरेजात मी माणसांना गाड्यांवर ओरडताना बघितलं होतं, लाथ मारताना बघितलं होतं. इतकं शांतपणे जपताना पहिल्यांदा बघितलं.

मग आबांनी विचारलं, "तुमचं पहिलं कशानं गेलं?"

दादा माझ्या शेजारीच होते. ते खर्डी स्टेशनाच्या दिशेला बघायला लागले. उत्तर माझ्यावर सोडलं. जुनं झालं होतं म्हणालो असतो तर कोण तपासणार होतं. पण मी सांगितलं. बोळा, भोक, घाई, जाळी.

"पकडलं कोणी?"

"कोणी नाय. जाळी मीच उघडली."

आबा पाना पुसू लागले. "ह्याच्या आधी दोघं येऊन गेले इंजिन बघायला. दोघंही बोलले, आमचं इंजिन ड्रायव्हरनं घालवलं. मी विचारलं, ड्रायव्हर कोण? तर दोघंही स्वतःच गाडी चालवणारे." मग दादांकडे वळून म्हणाले, "घेऊन जा. पण ह्यालाच बसवू दे."

त्याच जांभळाखाली चहा पिताना त्यांनी मला विचारलं, "डिझेल कशानं पेटतं?" मी शेकड्यांनी डिझेल इंजिनं उघडली होती. त्यात ठिणगी पाडायला प्लग नसतो हे माहीत होतं. मग पेटतं कशानं, हे कधी कुणाला विचारलं नव्हतं. तो धडा आठवीनंतर येत असावा. आबांनी सायकलचा पंप आणला, त्याचं तोंड माझ्या अंगठ्यानं बंद करायला लावलं आणि दहा-बारा वेळा दाबला. "आता पंपाला हात लाव." पंप गरम झाला होता. "वाऱ्याला कोंडून दाबलं की वारा तापतो. आत त्याच्या कितीतरी पट दाबतात. इतका तापतो की डिझेल शिंपडलं की पेटतं. काडी नको, ठिणगी नको."

मी पंप हातात धरून बसलो. एवढ्या वर्षांत ज्या गोष्टीला मी पाने लावत होतो, तिच्या पोटात नुसता वारा तापून पेटत होता. आजही इथे पहाटे थंडीत मशीन लवकर सुरू होत नाही, काचांवर बर्फासारखं दव असतं, ऑपरेटर हात चोळत शिव्या देतात. आणि मग एक धक्का बसून ते पेटतं. मला अजून सवय झालेली नाही. प्रत्येक वेळी वाटतं, आत कुणीतरी, कुणी बघत नसताना, चूल पेटवली.

इंजिन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आलं. शहापूर, किन्हवली, सरळगाव करत, आणि मी सबंध रस्ता त्याच्यावर हात ठेवून. दोन्ही बाजूला कापलेलं भात, खोडं उरलेली खाचरं, त्यात उतरलेले बगळे. ट्रॉलीत खाली पेंढा घाला असं कुणीतरी म्हणालं, तर दादा माझ्याकडे बघून म्हणाले, "नको, टायरं घाला. ह्याचा काय भरवसा नाय." सगळे हसले. मीही हसलो, आणि हसताना कळलं की दादा माझी चेष्टा करायला लागलेत, म्हणजे बोलायला लागलेत. निघायच्या आधी वैनींनी जुनं लाल लुगडं फाडून मला सात फडकी दिली होती. "भोकं बुजवायला. मोजून घ्या भावजी, मोजून परत द्या." इंजिनाची सात तोंडं त्या सात फडक्यांनी बांधलेली होती.

आमच्याकडे कापणीत एकमेकांच्या शेतावर जायची रीत आहे. मजुरी नाही, दिवसाला दिवस. तुम्ही आमच्याकडे एक दिवस आलात की आम्ही तुमच्याकडे एक दिवस येणार. त्या दिवशी पाळी दादांच्या शेताची होती. सात माणसं विळे घेऊन आली, तर खळ्यात सागाचे तीन वासे वर एकत्र बांधून उभे केलेले, त्यांना साखळीची कप्पी टांगलेली. दादा जरा चाचरतच म्हणाले, "आज भात नको, ह्याला हात लावा." सखूमावशी सगळ्यांत वयस्कर, तोंडानं तिखट. तिनं विळा कमरेला खोचला. "मी दिवस दिलाय. भात कापा नायतर यंत्र उचला, मना काय. दिवस भरला पायजे."

आमच्या घरी शेत नाही. त्यामुळे आमच्याकडे दिवस द्यायला कधी कुणी आलं नव्हतं. आम्हीच सगळ्यांकडे मजुरीनं जायचो. त्या दिवशी सात माणसं मी सांगेन तसं करत होती. "मावशी, तो दोर धर. काका, ढकलू नका, नुसतं सांभाळा." माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. कप्पीची साखळी कडकड करत खाली येत गेली आणि इंजिन वर गेलं. दोन माणसांच्या वजनाहून जास्तीचं लोखंड भाताच्या भाऱ्यांच्या उडव्यांमध्ये हवेत टांगलेलं, अगदी थोडं फिरत. कोंबड्यासुद्धा बाजूला झाल्या. सखूमावशी इतकी जवळ गेली की मी घाबरलो. तिनं हाताचा तळवा त्याला लावला आणि हळूच म्हणाली, "केवढं रे हे. आणि ह्याला पोटातच आग."

बसवायला मात्र दिवस गेले. दुसऱ्या कंपनीचं इंजिन म्हणजे दुसऱ्याच्या मापाची चप्पल. ज्या रबरी पायांवर ते बसतं, त्यांच्या जागा जुळेनात. पट्ट्या कापल्या, वेल्डिंग केलं, तोडलं, परत केलं. रेडिएटरचे पाइप आखूड पडले. गिअरचा दांडा तर केबिनच्या जमिनीखाली, आधीच्या भोकापासून वीतभर मागे येऊन थांबला. म्हणजे चांगला पत्रा कापायला हवा. माझा हात धजेना. आधीच या माणसाचं इंजिन घालवलं, आता धडधाकट केबिन कापू?

"दादा, पत्रा चांगला हाय अजून."

"मग गिअर काय खिडकीतनं हात घालून टाकू?" त्यांनी स्वतः कटर धरला. मी खडूनं रेघ मारली, त्यांनी कापलं.

त्या दिवसांत मी प्रत्येक बोल्ट दोनदा आवळला, आवळलेल्यावर चुन्याचा ठिपका दिला, आणि ठिपके बघायला परत परत गेलो. वैनी जेवायला हाक मारायच्या तेव्हा आधी फडकी मोजायचो. सात असायची. तरी आणखी एकदा. हे काही कौतुकानं सांगत नाही. माझी ती काळजी तेव्हापासून अंगात बसली ती बसलीच. फरक एवढाच की तेव्हा त्या काळजीला आजूबाजूला माणसं होती. इथे नेटवर्क असलं तर मी कधी दादांना फोन लावतो. ते विचारतात, "जेवलास? फडकी हायत का सात?" आणि मग कापणी कुठवर आली ते सांगतात.

इंजिन बदलायच्या सरकारी परवानगीचे कागद आले, त्या दिवशी इंजिन सुरू करायचं ठरलं. आबा एसटीनं आले, इस्त्रीचा शर्ट घालून. सगळा पाडा खळ्यात. डिझेलच्या नळीत हवा राहिली तर ते पेटत नाही, म्हणून मी एक नट सैल केला आणि हातपंप दाबत राहिलो. बुडबुडे येत होते. येत राहिले. मग थांबले, आणि स्वच्छ धार आली. नट आवळला. दादांना खूण केली.

सेल मारला. नुसतं घरघरलं. दुसऱ्यांदाही तेच. आबा म्हणाले, "घाई नको. वारा तापू दे." तिसऱ्या वेळी एक खोकला आला, मागे काळा धूर, आणि ते चालू झालं. लाल दिवा दोन क्षण जळत राहिला. मी फक्त त्याच्याकडे बघत होतो. मग विझला.

आवाज वेगळाच होता. जुन्या इंजिनाचा कर्कश, हा खालून येणारा, जाडसर. पाड्यातल्या पोरांना दादांची गाडी आवाजावरून वळणापलीकडून ओळखू यायची. आता ती गोंधळून एकमेकांकडे बघत होती. दादांचं कुत्रं तर दादांच्याच गाडीवर भुंकत सुटलं. आबांनी बॉनेटवर तळवा ठेवला, डोळे मिटले, जरा वेळ तसेच राहिले.

मी म्हणालो, "दादा, आज रिकामीच म्हशापर्यंत नेऊन आणतो. उद्या अर्धा माल भरू."

"रिकामी कशाला? काकडी भरलीय. आणि वैनीला भाऊबीजेला किन्हवलीला सोडायचीय. वाटेतच हाय म्हण."

"वाटेत कुठं, फेरा पडेल. दादा, आधी बघू तरी काय होतं."

ते माझ्याकडे वळले. "तू बघायचं काय ठेवलंस?"

वैनी नवं पातळ नेसून आल्या, कडेवर चार महिन्यांची पोर. ती सकाळपासून रडत होती, दात येत असावेत किंवा एवढी माणसं बघून असेल. आबा पुढे बसले, वैनी मध्ये. मी मागे गोण्यांवर, हत्यारांची पेटी पायाशी घेऊन. केबिनच्या मागच्या काचेला मी कान लावला आणि म्हसा येईपर्यंत तसाच राहिलो. आत पोर रडतच होती, तिचा आवाज इंजिनाच्या आवाजात मिसळून येत होता, आणि मला एकातून दुसरं वेगळं ऐकता येईना.

म्हसा गेलं. जुनं इंजिन जिथे गेलं तो चढ आला. दादांनी गिअर उतरवला, इंजिनाचा आवाज भरून आला, आणि मला एकदम जाणवलं की काहीतरी थांबलंय. मी घाबरून काचेतून आत बघितलं.

पोरीनं रडायचं थांबवलं होतं. वैनींच्या खांद्यावर डोकं टाकून, तोंड माझ्याकडे करून ती झोपली होती. ओठ अर्धवट उघडे. इंजिनाची थरथर वैनींच्या खांद्यातून तिच्या गालात येत होती आणि गाल अगदी बारीक हलत होता. वैनींनी मागे न बघता पदर तिच्या डोक्यावर ओढला. दादांनी चढावर एकदाही आरशात मागे बघितलं नाही. चढ संपला, उतार लागला, मुरबाड आलं. ती झोपलेलीच होती.